रत्नागिरीचा कोणता समुद्र?

'आम्ही रत्नागिरी केली' असं सांगणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी पुष्कळदा रत्नागिरी शहर पाहिलेलंच नसतं. महामार्गावर निवळी फाट्याला त्यांची गाडी उजवीकडे वळते ती थेट गणपतीपुळ्याला. दर्शन, देवळासमोरच्या समुद्रात डुंबणं, उकडीच्या मोदकांचं जेवण, संध्याकाळी पोरांना उंटावर बसवून फोटो, आणि दुसऱ्या दिवशी आंब्याची पेटी घेऊन परत. यात वाईट काहीच नाही. फक्त डुंबायला सगळ्यात गैरसोयीचा किनारा निवडून ही मंडळी नेमकी तिथेच पाण्यात उतरलेली असतात.

रत्नागिरी तालुक्याला किनाऱ्यांची कमतरता नाही. उत्तरेला शास्त्री नदीची जयगडची खाडी, दक्षिणेला मुचकुंदीची पूर्णगडची खाडी आणि मधोमध शहराला खेटून समुद्राला मिळणारी काजळी. या तीन खाड्यांच्या दरम्यान काळ्या वाळूचे, पांढऱ्या वाळूचे, सुरूच्या बनांचे, उभ्या कड्यांखालचे असे नाना तऱ्हेचे किनारे आहेत. एका सुट्टीत सगळे होत नाहीत, आणि करूही नयेत. कुठला निवडायचा, याचं उत्तर मात्र फोटो पाहून मिळत नाही. तो कुठल्या तिथीला आणि किती वाजता पाहायचा, यावर बरंच काही ठरतं.

सुरुवात रत्नदुर्गावरून करावी, म्हणजे सगळी मांडणी एकदम डोळ्यांत भरते. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसला आहे. मूळ किल्ला बहामनी काळातला. १६७० मध्ये तो आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आला आणि १८१८ मध्ये बाकीच्या कोकणाबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आहे, दुसऱ्या टेकाडावर दीपगृह. बुरुजावर उभं राहिलं की एका हाताला मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर दिसतं. झेंडे लावलेल्या ट्रॉलरांची इतकी दाटी, की खालचं पाणी शोधावं लागतं. त्याच्या पलीकडे मिऱ्याचा डोंगर आणि पांढरा समुद्र. दुसऱ्या हाताला मांडवी, म्हणजे काळा समुद्र. एकाच शहराला, एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन रंगांचे समुद्र आहेत, आणि रत्नागिरीकर त्यांना याच नावांनी ओळखतात. 'आज काळ्यावर जाऊ या की पांढऱ्यावर?' हा प्रश्न इथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे.

रंग अर्थातच वाळूचा. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून नद्यांबरोबर जे खाली येतं, त्यात लोह आणि टायटॅनियमची जड खनिजं असतात. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही त्यांतली मुख्य. लाटा हलकी वाळू उचलून नेतात आणि जड कण मागे राहतात, म्हणून काही किनाऱ्यांवर काळे पट्टे उमटतात. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त. बरोबर लहान मूल असेल तर एक लोहचुंबक खिशात ठेवा आणि मांडवीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. त्याला जी काळी मिशी फुटते, ती पाहून मूल अर्धा तास दुसरं काही मागत नाही. एवढं खरं, की काळी वाळू दुपारी भयंकर तापते. मार्चनंतर दोन वाजता अनवाणी चालून बघायची हौस करू नये.

मांडवी हा पोहायचा किनारा नव्हेच. तो शहराचा दिवाणखाना आहे. संध्याकाळी पाचनंतर सगळं गाव इथं येतं. आजोबा कट्ट्यावर, पोरं वाळूत, भेळेच्या गाड्यांवर गर्दी आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेले चार-दोन जण. मुंबईहून आगबोटी येत होत्या तेव्हा कोकणात यायचा रस्ता हा समुद्रच होता. रत्नागिरीचा चाकरमानी घाट उतरून नव्हे, पाण्यावरून घरी यायचा. आता तसं कोणी येत नाही. पण धक्क्याच्या टोकाशी उभं राहून शहराकडे पाठ आणि काजळीच्या मुखाकडे तोंड केलं, तर राजिवड्याच्या होड्या आत शिरताना दिसतात. मुखाशी गाळाचा उंचवटा साठलेला असतो, त्यामुळे भरतीची वेळ साधूनच त्यांना आत यावं लागतं. हा खेळ पाहायला मांडवीला यावं. पाण्यात उतरायचं असेल तर खाडी ओलांडून भाट्याला जावं.

पांढऱ्या समुद्राबद्दल जरा वाईट वाटतं. जुनी माणसं सांगतात तशी रुंद पुळण तिथं आता उरलेली नाही. समुद्र दरसाल आत येत राहिला आणि मिऱ्याच्या बाजूला दगडांचे, काँक्रीटच्या चौपायांचे बंधारे घालावे लागले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन याच बंधाऱ्यावर आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथंच रुतून राहिलं. मग त्या गंजक्या जहाजाचे फोटो काढायलाच लोक येऊ लागले. किनारा म्हणून निवडायला पांढरा समुद्र मी सांगणार नाही. पण धूप म्हणजे काय, हे वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा इथं बंधाऱ्यावर उभं राहून जास्त कळतं. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी मात्र या बंधाऱ्यावर उभं राहू नये. लाट सरळ अंगावर येते.

आता भाट्ये. काजळीवरचा पूल ओलांडला की शहर संपतं आणि जवळजवळ दीड किलोमीटरचा सरळ, सपाट किनारा सुरू होतो. मागे सुरूचं बन, त्याला लागून कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आणि दक्षिण टोकाला झरी विनायकाचं देऊळ. ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की त्यावर सायकल चालते. उतार मंद आहे, त्यामुळे गुडघाभर पाण्यात पोरांना खेळवता येतं. फक्त खाडीच्या मुखाकडचं उत्तर टोक टाळावं. नदीचं पाणी बाहेर पडताना तिथं ओढ असते आणि तळही दर पावसाळ्यात बदलतो. झरी विनायकाच्या बाजूला थांबावं. ज्यांना एकच संध्याकाळ मिळणार आहे आणि लांब जायचं नाही, त्यांनी दुसरा विचारच करू नये.

भाट्याच्या खाडीचं सगळ्यात सुंदर दर्शन भाट्यातून होत नाही, ते वरून, थिबा पॉइंटवरून होतं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून खाली ओढलं आणि पुढच्या वर्षी बोटीनं रत्नागिरीला आणून सोडलं. जागा मुद्दाम निवडलेली होती. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात बोटवाहतूकही बंद. राजाला ठेवायला याहून चांगला तुरुंग भिंती न बांधता मिळाला नसता. चोवीस वर्षं तो इंग्रजांनी नेमून दिलेल्या बंगल्यांत राहिला. राजवाडा उभा राहिला तो १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये थिबा वारला. पुढं १९२४ मध्ये सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं गेलं, तेही याच हिशेबानं असावं. १९३७ पर्यंत ते इथं होते. गावातलं पतितपावन मंदिर १९३१ चं, त्यांच्याच काळातलं. ज्या गावी लोकमान्य टिळक जन्मले, तेच गाव सरकारनं राजकीय कैदी ठेवायला सुरक्षित मानावं, हा इतिहासाचा विनोद आहे. टिळक आळीतलं ते घर, थिबा राजवाडा आणि पतितपावन मंदिर एका सकाळी आरामात पाहून होतात. मग दुपारी जेवून झोप आणि उन्हं उतरल्यावर समुद्र, हे रत्नागिरीचं खरं वेळापत्रक.

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे तर भरतीचं गणित इथंच सांगून टाकतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, असा जुना हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईला जास्त जुळतो, रत्नागिरीला भरती त्याच्या थोडी आधी येते. तेव्हा पाऊण-एक तास इकडेतिकडे धरावा. मिनिटांची अचूकता हवी असेल त्यांच्यासाठी भरतीची छापील कोष्टकं आहेत. सहल ठरवायला मात्र घरातली कालनिर्णयची भिंतच पुरते.

याचा उपयोग काय? पुनवेच्या आसपास गेलात तर दुपारी पाणी चढून गेलेलं असतं आणि सूर्यास्ताला ओहोटी मिळते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे हटतं. पुळण रुंद, ओली, आरशासारखी. चालायला याहून चांगली संध्याकाळ नाही. अष्टमी-नवमीला उलट. भर दुपारी किनारा मोकळा आणि संध्याकाळी पाणी वर आलेलं. हे भांगाचे दिवस, पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं. अरुंद किनारे तेव्हा संध्याकाळी उरतच नाहीत, म्हणून भाट्यासारखा लांब-रुंद किनारा निवडावा.

आणि चतुर्थी. संकष्टीला, त्यातून अंगारकीला, गणपतीपुळ्याला पाय ठेवायला जागा नसते. सकाळभर रांगेत उभं राहून दर्शन झालं, जेवणं झाली, की मंडळी तीन-चारच्या सुमारास समुद्राकडे वळतात. पाऊणपटीचा हिशेब लावा. नेमकी तेव्हाच भरती पूर्ण होऊन ओहोटी लागलेली असते. पाणी बाहेर जायला लागतं तेव्हा त्याची ओढ वाढते. त्यात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याचा उतार एकदम खोल जाणारा. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते आणि दोन पावलांवर तळ लागत नाही. इथं माणसं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. त्यांत पोहता येणारेही असतात, कारण घाबरून ते सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, पोहत राहतात आणि दमतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावं. ओढ अरुंद असते, तिच्यातून बाहेर पडलं की लाटाच माणसाला आत आणून सोडतात. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं बघावं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गढूळ, फेस समुद्राकडे नेणारं दिसतंय, तर ती जागा टाळायची. नवख्याला नेमकी तीच शांत जागा पोहायला बरी वाटते.

म्हणजे गणपतीपुळ्याला जाऊ नये का? जावं. पश्चिमेला तोंड करून बसलेला हा स्वयंभू गणपती आहे. डोंगरच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, सबंध डोंगराला घालायची. ती जवळपास एक किलोमीटरची फरसबंदी वाट, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, ही गणपतीपुळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. सकाळी लवकर, बस यायच्या आत घालावी. समुद्र तिथं पाहावा, पाय भिजवावेत आणि पुढं मालगुंडला जावं. दोन किलोमीटरवर. तिथं केशवसुतांचं घर आहे. 'तुतारी' लिहिणारा हा कवी इथं १८६६ मध्ये जन्मला. घर जसंच्या तसं सारवलेलं ठेवलं आहे आणि शेजारी स्मारक उभं केलं आहे. गणपतीपुळ्याच्या गर्दीतला एक दशांशही माणूस तिकडं वळत नाही. मालगुंडची पुळणही अशीच मोकळी पडलेली असते.

पण मी सांगतो तो बेत निवळीवरून गणपतीपुळ्याला जाण्याचा नाही. शहरातून किनाऱ्याच्या रस्त्यानं जावं, जेमतेम पंचवीस किलोमीटर. शिरगावहून साखरतरचा पूल ओलांडला की डावीकडे काळबादेवीचा फाटा लागतो. या किनाऱ्याचं नाव फलकांवर मोठं लिहिलेलं नसतं, म्हणून तो वाचला आहे. लांबच लांब अर्धचंद्राकार पुळण, काळ्या वाळूचे पट्टे, मागे माडांची आगरं आणि गाव. ना उंट, ना पाण्यातले खेळ, ना चहाची टपरी सापडेल याची खात्री. ओहोटीला खाडीच्या बाजूला बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या वेचायला बसलेल्या असतात. जाळं निवडत बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, "काका, इथं पोहतात का हो?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पोहतात की. पण विचारून." चालायचं असेल, एकटं राहायचं असेल, तर माझी निवड काळबादेवी.

पुढं रस्ता आरे गावातून चढ चढतो आणि एका वळणावर डावीकडची झाडी संपून एकदम खाली समुद्र येतो. हे आरे-वारे. मधल्या डोंगरानं दोन भाग केलेला जुळा किनारा. कोकणच्या जाहिरातींतला निम्मा समुद्र या वळणावरून टिपलेला असावा. फोटोत जेवढं दिसतं तेवढं सगळं खरं आहे, आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी त्या वळणावर गाड्यांची रांग लागलेली असते. पाणी मात्र दगाबाज. दोन्ही अंगांना ओढ आहे, खडक आहेत आणि बुडालेल्यांची यादी इथंही थांबलेली नाही. आरे-वारे वरून पाहायचा किनारा आहे. खाली उतरलात तर सुरूच्या सावलीत बसा. सकाळी आठपर्यंत पोचलात तर ते वळण तुमच्या एकट्याचं असतं आणि उन्हं पाठीमागून येत असल्यामुळे पाण्याचा रंगही तेव्हाच खरा दिसतो. संध्याकाळी तो नुसता चमकतो. नेवरे, भंडारपुळे हे पुढचे किनारे वाटेत दिसतात तेवढे पुरेत.

दक्षिणेकडचा रस्ता वेगळ्या स्वभावाचा आहे. भाट्यावरून गोळप, पावस असा तो जातो. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर, म्हणून तिथवर भाविकांची वर्दळ. त्यानंतर एकदम शांत. पावसजवळून गणेशगुळ्याला उतरता येतं. जांभ्या दगडातलं जुनं गणपतीचं देऊळ आणि खाली सुरूच्या बनामागे स्वच्छ, आखूड किनारा. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' अशी आख्यायिका इथं सांगतात. गणपती गेला की नाही देव जाणे, माणसं मात्र सगळी पुळ्याला गेली आहेत, आणि गणेशगुळे त्यामुळे सुखात आहे. दोन दिवस एकाच जागी पुस्तक घेऊन पडून राहायचं तर मी इथलं घरगुती राहणं निवडेन.

मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. एवढासा किल्ला, अर्ध्या तासात फिरून होतो. पण समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलं की नदी, खाडी, समुद्र आणि पलीकडची गावखडीची पुळण एका चौकटीत दिसतात. पूल ओलांडून गावखडीला जावं. सुरूचं दाट बन आणि त्यापुढे रुंद किनारा. इथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी. गावातले कासवमित्र ती काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरत नाहीत. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती समुद्रात सोडतात. कोकणात ही चळवळ वेळासपासून सुरू झाली आणि तिथं आता महोत्सव भरतो. गावखडीला तसला गाजावाजा नाही. आधी गावात चौकशी करून गेलात तर सकाळ-संध्याकाळी पिल्लं सोडताना बघायला मिळू शकतात, पण हमी कोणी देत नाही आणि कोणी मागूही नये. गावखडीच्या पुढं थोडं गेलं की कशेळीचा कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यांतलं हे एक. एवढ्या लांब आलात तर ते चुकवू नका.

ऋतूचं थोडक्यात. पावसाळ्यात रत्नागिरी हिरवीगार असते, पण जून ते सप्टेंबर समुद्र फक्त पाहायचा, तोही लांबून. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा धरून येऊ नये. मे महिना आंब्याचा खरा, पण उकाडा असह्य आणि खोल्यांचे दर दुप्पट. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस उत्तम.

तेव्हा एकच संध्याकाळ असेल तर भाट्ये, आणि तिथून परतताना मांडवीची भेळ. लहान मुलं असतील तरी भाट्येच. दोन दिवस असतील तर एक उत्तरेला, काळबादेवी आणि आरे-वारे करत मालगुंडपर्यंत. दुसरा दक्षिणेला, गणेशगुळे आणि गावखडी. गणपतीपुळ्याला देवदर्शन आणि प्रदक्षिणा, पोहणं नाही. कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याआधी तिथं जाळं विणत किंवा होडी ओढत असलेल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. गाडी पुळणीवर उतरवू नका. ती रुतते, ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते, आणि गावखडीसारख्या ठिकाणी चाकांखाली कासवाचं घरटंही असू शकतं. रस्त्याच्या कडेला लावा आणि सुरूच्या बनातून चालत जा.